डब्यातला रंग का फसतो?



तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात हल्ली फवाऱ्याच्या रंगाचे डबे सर्रास मिळतात. वर बटण, आत गोळी, हलवला की खडखड वाजतो. ब्रश नको, रॉकेल नको, हात भरायला नकोत. पंपाची दांडी, मोटरसायकलची टाकी, खिडकीचे गज, बैलगाडीची साटी, जे समोर येईल त्यावर फुस्स केले की झाले काम, असे वाटते. आणि पुष्कळदा काम होत नाही. रंग ओघळतो, पांढुरका पडतो, पोपडे धरतो, नाहीतर डबा अर्धा भरलेला असतानाच बटण बसते. मग माणूस दुकानदाराला शिव्या देतो. डबा वाईट निघाला असे क्वचितच असते. चूक बहुतेक वेळा आपल्या हाताची नाहीतर हवेची असते, आणि ती दुरुस्त करता येते.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. एका ट्रंकेवर रंगाचे पाच निरनिराळे दोष एकाच दिवशी आम्ही करून दाखवले. पुढे ते निस्तरले, त्यातून जे शिकलो ते इथे लिहीत आहे.

ट्रंक वरळीची. आमचे धाकटे काका गिरणीत होते आणि वरळीच्या बीडीडी चाळीत राहत. १९२० साली मुंबईत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे सरकारी खाते निघाले, त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे या चाळी बांधल्या. खात्याच्या नावाची तीन अक्षरे चाळींना चिकटली ती कायमची. एकट्या वरळीत १२१ इमारती होत्या. एकेका इमारतीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, मधोमध बोळासारखा रस्ता आणि दोन्ही बाजूंना दारे. संडास मजल्यावर सामाईक. एवढ्या जागेत गावाकडची माणसेही येऊन-जाऊन असत. कोकण, सातारा, सांगली, इकडच्या किती घरांचा एक पाय त्या खोल्यांत होता, हे तुम्हांला सांगायला नको. आता त्या चाळी पाडून म्हाडा तिथे उंच इमारती उभारते आहे. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या.

चाळीतली खोली रिकामी करायची वेळ आली की लोखंडी कॉट, कपाट, ट्रंक असे जड सामान गावी येते. काकांची ट्रंकही तशीच आली. काका आता नाहीत. १९८२ चा संप झाला त्या साली ती ट्रंक एकदा गावी येऊन गेली होती, हा तिचा दुसरा फेरा. झाकणावर पांढऱ्या तेलरंगाने काकांचे नाव, चाळीचा नंबर, खोलीचा नंबर, वरळी, मुंबई, अशा चार ओळी. त्या काळी लाल डब्याच्या एसटीच्या टपावर ट्रंक चढवायची, तेव्हा नाव लागे.

गणपतीला चुलतभाऊ काकूंना घेऊन गावी आला, तो पिशवीत काळ्या रंगाचे दोन डबे घेऊनच. म्हणाला, "दादा, अण्णांची ट्रंक गंजून चालली. उद्या नवी करून टाकतो." बाहेर पाऊस धरलेला. त्याने पडवीत पाट मांडून ट्रंक ठेवली आणि सुरुवात केली. माजघरात गणपतीपुढे समई जळत होती. तेवढे काकूंच्या ध्यानात आले. त्यांनी मधले दार ओढून घेतले आणि त्याला अंगणाच्या बाजूच्या पत्र्याखाली हाकलले. ते बरे झाले. का, ते पुढे येईल.

संध्याकाळी ट्रंक बघितली तर झाकण दुधट, बाजूला ओघळ, कडीकोयंड्याभोवती माशाच्या डोळ्यांसारखी गोल छिद्रे, एका कोपऱ्याला सुरकुत्या, आणि तळाचा रंग दोन दिवसांत पापुद्रे सुटून खाली. काकू झाकणावरून पदर फिरवत एवढेच म्हणाल्या, "इथं यांचं नाव होतं ना रे?"

डब्याच्या पोटात काय असते

दोष समजायचे तर आधी डबा समजला पाहिजे. तुम्ही पाठीवरचा पंप वापरता, म्हणजे अर्धे तुम्हांला ठाऊकच आहे. पंपात तुम्ही हवा भरता, ती औषधाला नळीतून नोझलकडे रेटते. डब्यात तेच काम दाबून भरलेला गॅस करतो. तळापर्यंत गेलेली एक बारीक नळी असते. बटण दाबले की गॅस रंगाला नळीतून वर ढकलतो आणि नोझलच्या बारीक भोकातून त्याचे तुषार होतात. रंग तळाशी बसू नये म्हणून आत गोळी टाकलेली असते.

गंमत अशी की हा डबा लोकप्रिय झाला तो रंगामुळे नव्हे. दाबाखालच्या फवाऱ्याची कल्पना नॉर्वेच्या एरिक रोथाइम यांनी १९२० च्या दशकात पुढे आणली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या शेती खात्यातले लाइल गुडह्यू आणि विल्यम सुलिव्हन यांनी सैनिकांच्या तंबूत डास मारायला असा डबा तयार केला. त्यात रंग भरला एडवर्ड सेमूर यांनी, १९४९ साली. म्हणजे कीटकनाशकाचा फवारा आधी आणि रंग मागून. तेव्हा फवारणीचे जे नियम तुम्ही शेतात पाळता, वारा बघणे, दव बघणे, नोझल स्वच्छ ठेवणे, सारख्या चालीने चालणे, तेच इथे लागू पडतात. फक्त पिकाच्या जागी पत्रा आहे.

गॅसबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पूर्वी या डब्यांत न पेटणारा गॅस भरत. त्याने आकाशातला ओझोनचा थर विरतो असे आढळले आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो बंद होत गेला. आता बहुतेक डब्यांत स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा गॅस असतो. तो पेटतो, रंगातला थिनरही पेटतो. पेटती समई, चूल, विडी, वेल्डिंगची ठिणगी, यांच्या आसपास डबा वापरणे म्हणजे सिलिंडरची नळी उघडी टाकण्यासारखे आहे. चाळीच्या बोळात मंडळाच्या सजावटीला असे डबे मारताना तो वास मजलाभर कसा कोंडून राहायचा, आणि दारादारांत स्टोव्ह पेटलेले असायचे, हे भावाने नंतर स्वतःच सांगितले. तेव्हा काही झाले नाही, हे नशीब.

झाकण दुधट का पडले

आता ट्रंकेकडे वळू. झाकण पांढुरके पडले ते पावसाळी हवेमुळे. डबा सतत दाबून धरला की तो हाताला गार लागतो, हे तुम्ही अनुभवले असेल. आतला गॅस उडताना उष्णता ओढून घेतो. पत्र्यावर पडलेला रंगही थिनर उडताना तसाच गार होतो. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना, तसेच होते: हवेतली वाफ त्या गार रंगावर दव होऊन बसते, रंगात अडकते आणि चकाकी जाऊन दुधट छटा राहते. कोकणात श्रावण-भाद्रपदात हे हमखास होते. आणि चाकरमानी नेमका तेव्हाच डबे घेऊन गावी येतो!

उपाय काय? घाई करू नका. चांगले ऊन पडेल त्या दिवशी वस्तू उन्हात ठेवा. थर पातळ असेल तर दुधट छटा आपोआप उडते. न गेल्यास हवा कोरडी असताना त्याच रंगाचा अगदी विरळ हात द्या. त्यातले ताजे थिनर खालचा थर थोडा मऊ करते आणि अडकलेला ओलावा निघून जातो. तरीही राहिलेच तर बारीक वॉटर पेपरने घासून पुन्हा रंगवणे भाग आहे. आमचे झाकण डिसेंबरच्या उन्हात बरेचसे सुधारले.

खरे म्हणजे या कामाचा हंगामच पाळावा. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत, सकाळी दव उडाल्यावर आणि वारा सुटायच्या आत, साधारण नऊ ते अकरा. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावरही मारू नका. वरचा थर झटकन सुकतो, आत कोंडलेले थिनर वर यायला बघते आणि रंगावर फोड येतात. पत्र्याला हात लावून बघा, चटका बसत असेल तर सावली येईपर्यंत थांबा.

ओघळ आणि भुकटी

बाजूला ओघळ आले ते भावाने डबा जवळ धरला म्हणून आणि एका जागी हात थांबवला म्हणून. अंतर किती? एक वीत आणि चार बोटे, म्हणजे फूटभर. याहून जवळ गेलात तर रंग साचतो आणि खाली वाहतो. फार लांब गेलात तर उलटा त्रास. तुषार वाटेतच सुकतात आणि पत्र्यावर रंगाऐवजी भुकटी बसते. हात फिरवला तर खरखरीत लागते, किंवा संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसतात. वाऱ्यातही हेच होते, शिवाय अर्धा रंग शेजाऱ्याच्या दांडीवरच्या धोतरावर जातो.

दुसरी खुबी बटणाची. वस्तूवर डबा रोखून मग बटण दाबायचे नाही. वस्तूच्या कडेबाहेर बटण दाबा, फवारा सुरू झाला की हात सरळ रेषेत वस्तूवरून न्या, पलीकडच्या कडेबाहेर गेल्यावरच बटण सोडा. सुरू होताना आणि बंद होताना नोझल थुंकते, ती थुंकी वस्तूवर पडता कामा नये. पुढची ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढवा. पिकात दोन पट्ट्यांच्या मध्ये जागा सुटली की कीड तिथेच राहते, तसेच. मनगट वळवून कमानीसारखा हात फिरवू नका, नाहीतर मध्ये जाड आणि कडांना पातळ बसतो.

पहिल्याच हातात पत्रा झाकायचा हट्ट सोडा. पहिला हात इतका विरळ द्या की खालचे दिसले पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. चार पातळ हात टिकतात, एक जाड हात ओघळतो.

ओघळ आलाच तर ओल्या रंगाला बोट लावू नका. जी बिघडायची ती सगळी बिघडवणारे हेच बोट असते! अगदी ताजा असताना ब्रशच्या टोकाने थेंब टिपता येतो, तेवढेच करा. नाहीतर पूर्ण वाळू द्या, एक-दोन दिवस. मग चारशे नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून एका सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळा आणि ओघळाचा उंचवटा घासून सपाट करा. पुसा, वाळवा, वरून दोन विरळ हात. खरखरीत भुकटीलाही हाच इलाज, फक्त त्याला कोरडा बारीक पेपर चालतो.

माशाचे डोळे

कडीकोयंड्याभोवती जी गोल छिद्रे पडली, त्याचे कारण तेल. कुलूप फिरावे म्हणून काकूंनी वर्षानुवर्षे खोबरेल सोडलेले. तेलावर रंग धरत नाही, बाजूला सरतो. शेतातल्या सामानाला हा दोष सगळ्यांत जास्त, कारण पंप, इंजिन, ट्रॅक्टर, नांगर या सगळ्यांना कुठेतरी ग्रीस, ऑइल, डिझेल लागलेले असतेच.

आणि इथे आपली एक सवय नडते. आपण साफ करायला रॉकेल किंवा डिझेल घेतो. त्याने मळ निघतो, पण मागे त्याचाच तेलकट पापुद्रा राहतो. म्हणून रॉकेलने पुसल्यावर भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, स्वच्छ पाण्याने खळखळून काढा, उन्हात वाळवा, आणि शेवटी थिनरमध्ये बुडवलेल्या स्वच्छ फडक्याने एकदा पुसा. फडके तेलकट झाले की बदला. त्यानंतर उघड्या हाताने त्या जागेला शिवू नका, हातालाही तेल असते. डोळे पडलेच असतील तर रंग वाळल्यावर ती जागा लोखंडापर्यंत घासून, धुऊन, पुन्हा सुरुवात. वरून नुसता जाड रंग मारून ती छिद्रे बुजत नाहीत, कितीही मारा.

पोपडे, आणि जुना रंग घासताना सावध

तळाचा रंग सुटला तो गंजावर मारला म्हणून. गंज म्हणजे लोखंडाची भुकटी. भुकटीवर काय टिकणार? तारेच्या ब्रशने आणि जाड पॉलिश पेपरने सुटा गंज काढा, पत्रा घट्ट लागेपर्यंत. मग त्याच दिवशी अस्तर द्या, म्हणजे तांबडा प्राइमर, ज्याला दुकानात रेड ऑक्साइड म्हणतात. उघडे लोखंड पावसाळी हवेत रात्रभर राहिले तर सकाळी पुन्हा तांबूस झालेले असते. अस्तर डब्यातच पाहिजे असे नाही. ब्रशने दिलेले उलट खोबणीत जास्त चांगले जाते. मात्र ते पुरते वाळू द्या, नाहीतर खाली जी सुरकुत्यांची भानगड सांगितली आहे ती होईल.

नव्या जस्ती पत्र्यावर आणि जस्ती बादलीवर साधा रंग धरत नाही, वर्षभरात सालीसारखा निघतो. दुकानात जस्ती पत्र्यासाठीचे अस्तर वेगळे मागा. प्लास्टिकच्या ड्रमवर आणि पंपाच्या प्लास्टिकच्या टाकीवर तर मारूच नका. टिकत नाही हे एक, आणि टाकीवरच्या लिटरच्या खुणा झाकल्या गेल्या की औषधाचे माप चुकते, हे त्याहून वाईट.

आता महत्त्वाचे. जुन्या ट्रंका, कपाटे, खिडक्या यांच्यावरच्या जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, २०१७ च्या नोव्हेंबरपासून; त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. शिशाची धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूची वाढ खुंटते, आणि ते नुकसान भरून येत नाही. तेव्हा जुना रंग कोरडा घासू नका. पाणी लावून घासा, म्हणजे धूळ उडत नाही. खाली जुने पोते किंवा प्लास्टिक अंथरा, घासलेला गाळ त्यातच गुंडाळा, परसात किंवा गोठ्यात झाडून टाकू नका. मुले, गरोदर बाई आणि कोंबड्या लांब. काम झाले की कपडे वेगळे धुवा आणि हात-तोंड धुऊन मगच जेवा.

सुरकुत्या

कोपऱ्याला सुरकुत्या पडल्या त्याची जबाबदारी माझी. महिन्यापूर्वी मीच त्या कोपऱ्याला ब्रशने तेलरंगाचा हात दिला होता. तेलरंग वरून कोरडा दिसतो, आतून पुष्कळ दिवस मऊ असतो. त्यावर डब्यातला रंग पडला, त्याच्या कडक थिनरने खालचा थर फुगवला आणि सायीसारखा गोळा झाला. दोन हातांमध्ये चुकीचे अंतर पडले तरी असेच होते. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की दुसरा हात अमुक वेळेच्या आत द्या, नाहीतर पूर्ण वाळल्यावर द्या. ते अक्षर न अक्षर वाचा. दिसत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. मधल्या वेळेत दिलेला हात फसतो.

सुरकुतलेला रंग लगेच खरवडू नका, चिकट गोळा होईल. आठवडाभर वाळू द्या, मग घासून काढा आणि अस्तरापासून सुरू करा. साधा नियम असा: खाली ताजा तेलरंग असेल तर वरूनही ब्रशने तेलरंगच द्या.

थर्माकोलवर मात्र सुरकुत्या नव्हे, खड्डेच पडतात. थिनर थर्माकोल खाऊन टाकतो. २०१८ साली महाराष्ट्राने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली, तरी घराघरांतल्या माळ्यावर जुनी मखरे आहेत. त्यांना डबा दाखवू नका.

बटण बसले, फवारा थुंकतो

अर्धा डबा शिल्लक आणि फवारा बंद, ही तक्रार सगळ्यांत मोठी. बहुधा नोझलमध्ये रंग वाळलेला असतो. बटण फिरवत वर ओढले की निघते. ते थिनरमध्ये अर्धा तास भिजत घाला, मऊ ब्रशने पुसा, परत बसवा. डब्याच्या तोंडात सुई किंवा तार खुपसू नका. आतली झडप बिघडली की गॅस रंगासकट तोंडावर येतो. नोझल तोंडाने फुंकायची सवय पंपाच्या बाबतीतही सोडा आणि इथेही सोडा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. रंग तेवढा जहरी नाही, पण थिनर पोटात किंवा छातीत जाण्यासारखी वस्तूही नाही. तोंडाला बांधलेला रुमाल तुषार अडवतो, वाफ अडवत नाही. म्हणून उघड्यावरच काम करा, वारा पाठीमागून घ्या आणि डोके जड वाटू लागले की बाजूला जाऊन बसा.

नोझल पुन्हा बसू नये म्हणून काम संपले की डबा उलटा धरून बटण दाबा. नळीचे टोक वर येते, नुसता गॅस निघतो आणि नोझल धुतली जाते. फवारा रंगहीन झाला की थांबा. फार वेळ दाबलात तर गॅस संपेल आणि रंग आतच राहील.

थुंकतो याचे दुसरे कारण डबा पुरता हलवला नाही. गोळी वाजायला लागल्यावर मिनिटभर तरी हलवा, मध्ये मध्येही हलवा. तिसरे कारण थंडी. पौषातल्या सकाळी डबा गारठलेला असेल तर गॅसचा जोर कमी पडतो. आंघोळीच्या कोमट पाण्यात दहा मिनिटे उभा ठेवा, बस. चुलीजवळ, शेगडीवर, उकळत्या पाण्यात अजिबात नाही. ५० अंशांच्या वर डबा तापू द्यायचा नाही असे त्यावर लिहिलेलेच असते. मे महिन्यात ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा बंद जीपमध्ये एवढी उष्णता सहज होते.

कुठे वापरू नये

धान्याच्या कणगीला आणि कोठीला आतून नको. जनावरांच्या दाणीला, पाण्याच्या टाकीला आतून नको. बेंदराला, पोळ्याला बैलाची शिंगे रंगवायला कुणी हौसेने हा डबा उचलतो, त्याला थांबवा. शिंगाला लागून डोळा आहे, नाक आहे, आणि त्या फुसकाऱ्याने बैल बुजला तर शिंग कुणाच्या पोटात जाईल सांगता येत नाही. हिंगूळ आणि ब्रश काय वाईट आहे?

खर्चाचेही बघा. आमच्या ट्रंकेएवढ्या वस्तूला, तीन फूट लांब, दीड फूट रुंद, फूटभर उंच, बाहेरून अठरा चौरस फूट रंगवावे लागते. नीट चार विरळ हात द्यायचे तर दोन डबेही कमी पडतात. तेवढ्या पैशांत तेलरंगाचा छोटा डबा आणि ब्रश येऊन रंग उरतो. माझे मत विचाराल तर मोठ्या सपाट कामाला ब्रश आणि जाळी, सायकलीच्या तारा, कोरीव गज, जिथे ब्रश पोचत नाही तिथे हा डबा. भावाला हे पटलेले नाही.

नावाचे काय झाले

डिसेंबरात गावच्या गॅरेजमधल्या रंगाऱ्याला ट्रंक दाखवली. तो म्हणाला, "भाऊ, नावाला अजून हात लावू नका. जुना तेलरंग दगडासारखा झालेला असतो, वरचा नवा आहे." त्याने आधी झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे एक पांढरा ठिपका होता, तिथे तपासून बघितले. मग कापसाचा बोळा थिनरने जेमतेम ओला करून, दाब न देता, एकाच दिशेने एकदा फिरवायचा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपायचे, बोळा फेकून नवा घ्यायचा, असे दोन तास केले. काळा निघत गेला आणि खालून पांढरी अक्षरे वर आली. चाळीचा नंबर, खोलीचा नंबर, वरळी, मुंबई, हे सगळे निघाले. काकांच्या नावाची पहिली ओळ मात्र अर्धीच निघाली. तिथे पूर्वीच पोपडे धरले होते, काळ्याबरोबर तेही आले. उरलेली अक्षरे रंगाऱ्याने भरून देतो म्हटले. काकू फोनवर नको म्हणाल्या, आहे तेवढेच राहू दे.

असे नाव, नंबर, जुनी नक्षी काही असेल तर ते आधी झाकून मग रंगवायचे असते. वर्तमानपत्राचा कागद कापून बसवा, कडांना कागदी चिकटपट्टी घट्ट दाबा. रंग पुरता सुकायच्या आत, हाताला चिकटेनासा झाला की, पट्टी तिरकी ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर ओढलीत तर कडेचा रंग सोबत निघतो.

रिकामा डबाही रिकामा नसतो, आत थोडा गॅस राहतोच. त्याला खिळा मारून भोक पाडू नका, चुलीत टाकू नका, उकिरड्यावर किंवा बांधावर भिरकावू नका. उसाचे पाचट पेटवले की बांधावरचा डबा बॉम्बसारखा फुटतो आणि पत्र्याचे तुकडे लांबपर्यंत उडतात. पाचट जाळूच नये हा वेगळा विषय. मोकळ्या हवेत उलटा धरून उरलेला गॅस सोडून द्या आणि भंगारवाल्याला, हा फवाऱ्याचा डबा आहे असे सांगून, वेगळा द्या. अर्धा उरलेला डबा टोपण लावून, उभा, सावलीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. माजघरात नको आणि चुलीच्या वरच्या फळीवर तर नकोच नको.